बातमीचा राखणदार

निवडीची किंमत आगाऊ कळली तर माणूस अधिक शहाणपणाने निवड करील, असे एक गृहीतक आपण पिढ्यानपिढ्या बाळगून आहोत. ते पारखून पाहण्याची सोय मात्र नव्हती, कारण किंमत नेहमी मागाहून कळे. सन २०३८च्या सुमारास ही अडचण दूर झाली. निदान लांब पल्ल्याच्या धावपटूंपुरती झाली. साताऱ्याच्या हेमांगी पाटणकर आणि त्यांचे पती अच्युत यांच्या घरात त्या गृहीतकाचे काय झाले, ते येथे सांगायचे आहे.

हेमांगी दंतवैद्य होती. वय चव्वेचाळीस. अकरा मॅरेथॉन तिच्या पायांखालून गेल्या होत्या आणि त्यांतील सर्वांत वेगवान धाव तीन तास चार मिनिटांची होती. तीन तासांच्या आत पोहोचायचे, ही तिची इच्छा आता इच्छा राहिली नव्हती. ती स्वभावाचा भाग झाली होती. अच्युत महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवी. तो तिच्याहून बराच मंद पळे, परंतु तिच्या हलक्या सरावाच्या दिवशी तिच्या खांद्याला खांदा लावून पळण्याइतका चांगला पळे.

पुण्याच्या एका सराव-संस्थेत ती दोघे बसली होती. समोर डॉक्टर कादंबरी ओक होत्या. टेबलावरच्या पडद्यावर एक आकृती पळत होती, आणि ती हेमांगीच होती.

त्या आकृतीला ‘प्रतिदेह’ म्हणत. कल्पना अवघड नाही. दंडावर नाण्याएवढी पट्टी चिकटवतात. तिच्यातील केसाहून बारीक सुया त्वचेखालच्या द्रवातील साखर, दुग्धाम्ल आणि तणावाच्या वेळी स्रवणारी संप्रेरके अहोरात्र मोजतात. हृदयाचा एकेक ठोका टिपतात. काही वर्षे असे मोजमाप साठले की संगणकात त्या शरीराची गणिती प्रतिमा उभी राहते. या प्रतिमेला येणारा सबंध हंगाम आधीच पळवता येतो, निरनिराळ्या योजनांनी शेकडो वेळा पळवता येतो, आणि ती कोठे मोडते हे पाहून खऱ्या शरीराला त्याच्या अलीकडे थांबवता येते.

“तीन योजना आहेत,” कादंबरी म्हणाल्या. “पहिलीत तुम्ही आनंदाने पळाल आणि तीन-पाचला पोहोचाल. दुसरीत तीन-दोन. तिसरी अनुभवी धावपटूंखेरीज कोणालाही देत नाही. आम्ही तिला निकराची योजना म्हणतो.”

“तिसरीत किती?” हेमांगीने विचारले.

“दोन अठ्ठावन्न.”

“मग ही पहिल्या दोन योजनांची प्रस्तावना कशाला केलीत?”

कादंबरी हसल्या. अच्युत हसला नाही. “तिसरीची अट सांगा,” तो म्हणाला. “इतकी गोड वस्तू फुकट नसते.”

अट होती, आणि तिचे मूळ या शास्त्राच्या एका अनपेक्षित निष्कर्षात होते. कठोर सरावाने स्नायूंचे तंतू तुटतात आणि विश्रांतीत अधिक बळकट होऊन जुळतात. सराव म्हणजे ही मोडतोड आणि ही डागडुजी यांचा मेळ. परंतु डागडुजीची शरीराची ऐपत मर्यादित असते आणि भीती, भांडण, शोक हे सारे त्याच ऐपतीतून आपापला वाटा उचलतात. शरीराला घाट चढल्याचा शीण वेगळा आणि प्रेत पाहिल्याचा शीण वेगळा, असा भेद करता येत नाही. हेमांगीची आई गेली त्या वर्षी पट्टी तिच्या दंडावर होती. प्रतिदेहाला तिच्या शोकाचे नेमके माप ठाऊक होते.

“तिसऱ्या योजनेत शरीर अगदी काठावरून चालते,” कादंबरी म्हणाल्या. “तेथे एखाद्या वाईट बातमीलाही जागा उरत नाही. म्हणून धावपटू एक राखणदार नेमतो. फोन, पत्रे, निरोप, सारे आधी राखणदाराकडे. काय कळवायचे आणि काय शर्यतीनंतर, ते त्याने ठरवायचे.”

“म्हणजे खोटे बोलायचे.”

“गप्प राहायचे, सर.”

“नवरा-बायकोत त्या दोन क्रियांमध्ये किती अंतर असते, हे तुमच्या प्रतिदेहाने मोजले आहे का?”

“अच्युत, वर्गात नाहीयेस तू,” हेमांगी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, आवाज उतरवून बोलली, “पुढच्या वर्षी पंचेचाळीस. हे आकडे मग मिळणार नाहीत मला, त्यांनी आधीच दाखवलंय. तुझ्याशिवाय कोणावर सोपवू मी हे?”

अच्युत राखणदार झाला.

*

या दोघांना पळायला शिकवले ते सुभेदार शिर्के यांनी. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते सज्जनगडाच्या पायथ्याशी, परळीला, आपल्या घरी राहात आणि दर रविवारी साताऱ्यात येऊन वीस-पंचवीस जणांना पळवत. त्यांची काही मते साफ चुकीची होती. लांब धावेत पाणी पिणारा माणूस ते भित्रा समजत, आणि या मतापायी एका उन्हाळ्यात दोघांना सलाइन लावावे लागले होते. परंतु त्यांचा एक नियम बिनतोड होता. हलक्या धावेच्या दिवशी सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. वाक्य मध्ये तुटले, तर वेग जास्त आहे; कमी करा. “त्वांड चाललं पायजे!” ते मागून ओरडत. “मुक्यानं पळतोय त्यो चोर!”

अच्युत आणि हेमांगी यांची ओळख, वादावादी आणि लग्नाचा निर्णय, सारे या नियमाच्या आश्रयाने यवतेश्वराच्या घाटात घडले होते. घरात जे बोलणे होत नसे, ते पळताना होई. यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्याला लागले की डावीकडे दरीपलीकडे सज्जनगड दिसतो. तेथे हेमांगी नेहमी हात उंचावून म्हणे, “सुभेदार, त्वांड चालू आहे!”

निकराच्या योजनेतही हलक्या धावांना अच्युत सोबत असे. दोघांचा वेग जुळावा म्हणून योजनेने त्याच्याही दंडावर पट्टी बसवली होती. संध्याकाळी पडद्यावर दोघांच्या हृदयाच्या रेषा एकाखाली एक उमटत.

दिवाळी होऊन गेली. एका बुधवारी सकाळी हेमांगी बुटांचे बंद बांधत होती आणि अच्युत मागच्या अंगणात होता. तिच्या क्रमांकावर आलेला फोन त्याच्या फोनवर वाजला.

“हेमे, कवाची लावतोय...”

“सुभेदार, मी अच्युत.”

“तिचा फोन तू उचलतोस? कुठल्या जमान्यातला नवरा रं तू!”

“सरावाचा नियम आहे, सुभेदार. जानेवारीपर्यंत.”

“बरं. मग तूच ऐक. पोटात गाठ हाय. स्वादुपिंडाची. डाक्टर म्हनतोय कापाकापी नगं, येळ गेली. दोन म्हैने म्हनतोय, मी म्हनलं तुझ्या बाला दोन म्हैने.” पलीकडे खोकल्याची उबळ आली आणि गेली. “तिला म्हनावं, येऊन जा. माझ्याजवळ तिच्या पयल्या शर्यतीचा बिल्ला हाय, त्यो द्यायचाय.”

“सांगतो,” अच्युत म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आले की हा शब्द पाळणे हाच आता राखणदाराचा करारभंग होता.

“चल की,” दारातून हेमांगीने हाक दिली. “कोण होतं?”

“महाविद्यालयातून.”

ती धाव टाळली असती तर तिला संशय आला असता. म्हणून तो पळायला गेला. चेहऱ्यावर त्याने काहीही उमटू दिले नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिने काहीतरी विचारले. उत्तराचे वाक्य त्याच्याकडून मध्येच तुटले.

“अरे, हलकी धाव आहे ही. दम लागलाय तुला?”

“झोप झाली नाही नीट.”

“बरं,” ती म्हणाली.

सज्जनगड दिसला तेव्हा तिने हात उंचावला. त्याने दरीकडे पाहिले नाही.

*

त्याच दुपारी त्याने महाविद्यालयातून कादंबरींना फोन लावला.

“तिचे गुरू मरणपंथाला आहेत. तिला सांगितले तर काय होईल?”

पलीकडे कळफलकाचा आवाज. “आईंच्या वेळचे माप घेऊन चालवून पाहिले. तीन-सहा. भेटायला गेल्या आणि नंतर त्यांचे निधनही झाले, तर कदाचित शर्यत पुरीच होणार नाही.”

“म्हणजे सांगू नका म्हणता.”

“मी तसे म्हटलेले नाही. तुम्ही आत्ता, या क्षणी सांगू शकता. आम्ही कोणालाही अडवत नाही. आम्ही फक्त किंमत सांगतो.”

“बाई, किंमत सांगणे हीच अडवण्याची सर्वांत सभ्य रीत आहे.”

“तुम्हाला ती कळायला नको होती का?”

कालपर्यंत हा प्रश्न मुळात उद्भवलाच नसता. गुरू आजारी आहेत, जाऊन या, असे तो सहज म्हणाला असता. आता त्या सहजतेला आठ मिनिटांचे वजन लागले होते, आणि ते वजन एकदा हातात घेतल्यावर खाली ठेवता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी योजनेत चढणीवरचा कठोर सराव होता. पहाटे पडद्यावर त्याच्या जागी ‘विश्रांती’ असा शब्द दिसला. अच्युतला बरे वाटले. आज घाटात जावे लागणार नव्हते. त्याहून अधिक विचार त्याने केला नाही.

त्यानंतर हेमांगीने एक बदल केला. कासच्या रस्त्यावर ती उजव्या कडेने पळू लागली. “डाव्या कडेला रस्त्याचा उतार आहे, गुडघा भरून येतो,” ती म्हणाली. उजव्या कडेने डोंगराची भिंत तेवढी दिसे. गडाला हाक मारणे बंद पडले आणि दोघांचे बोलणे बुटांचे तळवे, हवा आणि बाजारभाव यांवर आले. वाक्ये पुरी होत होती. नियम पाळला जात होता.

*

डिसेंबरात अच्युत एकटा परळीला गेला. सुभेदार खाटेवर बसले होते. अंगावरचा सदरा कोणा दुसऱ्याचा असावा इतका ढिला झाला होता.

“ती कुठाय?”

“शर्यत झाली की येईल. सरावात आहे, सुभेदार.”

“तिला सांगितलंस?”

अच्युत गप्प राहिला.

“मुक्यानं पळतोय त्यो कोन?”

“चोर,” अच्युत म्हणाला.

“हां. ध्यानात हाय म्हन की.” त्यांनी भिंतीला पाठ टेकली. “आता माझं ऐक. म्या पोरास्नी पानी पिऊ दिलं न्हाई, चुकलं माझं. पन म्या कुनाला शर्यतीपायी तिरडीपासनं लांब ठेवलं न्हाई. किती मिनिटांचा धोंडा हाय मी?”

“सुभेदार...”

“सांग की रं मास्तर. आकडा असंल तुझ्याकडं.”

“आठ.”

सुभेदारांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आले, आणि ते हसू अच्युतला कोणत्याही शिवीपेक्षा असह्य झाले.

“आठ मिनिटं! लई झालं की. मला वाटलं, म्हाताऱ्याची किंमत पळभर बी नसंल.” त्यांनी उशाखालून पितळी बिल्ला काढला आणि पुन्हा आत ठेवला. “न्हाई, तुला देत न्हाई. तिनं यायचं. मी बी शर्यतीत हाय आता. बघू, कोन आधी पोचतंय.”

परतताना अच्युत गाडीत पुष्कळ वेळ नुसता बसला. सांगावे, असे त्याने ठरवले. घरी आला तेव्हा हेमांगी जमिनीवर पाय लांब करून मांड्या चोळत होती. “आज बत्तीस किलोमीटर,” ती म्हणाली, “आणि शेवटचे दहा सर्वांत वेगवान. अच्युत, हे होणार आहे.” तिचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा उजळला होता. तो आत गेला आणि त्याने चहा टाकला.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सुभेदार गेले. त्यांच्या सूनबाईंनी फोन केला तो अच्युतला. शेवटच्या रात्रीपर्यंत ते रोज एकच विचारत होते, ती आली का, असे त्या म्हणाल्या. अच्युत महाविद्यालयाचे निमित्त सांगून परळीला गेला, तिरडीला खांदा दिला, वाटेतल्या हॉटेलात आंघोळ करून, सदरा बदलून घरी परतला. दंडावरची पट्टी त्याने त्या दिवशी काढून ठेवली होती. इतका शहाणा तो आता झाला होता.

*

अहमदाबादला साबरमतीच्या काठाने ती शर्यत झाली. सपाट रस्ता, कोरडी थंडी, वारा नाही. योजनेने ज्या किलोमीटरला जो वेग लिहिला होता, त्या किलोमीटरला हेमांगीने तो वेग दिला. अंतिम रेषेवरच्या घड्याळात दोन तास अठ्ठावन्न मिनिटे आणि वर काही सेकंद दिसत असताना ती त्याखालून गेली.

अच्युत कठड्याशी उभा होता. गेले काही दिवस तो एक वाक्य घोळवत होता. त्याची शब्दरचना त्याने अनेकदा दुरुस्त केली होती. हेमांगी अंगाभोवती चंदेरी कागद गुंडाळून, एकेक पाऊल जपून टाकत त्याच्याजवळ आली. त्याने तोंड उघडले.

“कधी गेले?” तिने विचारले.

भोवती टाळ्या वाजत होत्या. कोणीतरी तिच्या गळ्यात पदक अडकवून पुढे गेले.

“तुला कोणी...”

“कोणी नाही. कधी गेले, अच्युत?”

“गेल्या सोमवारी.”

ती पदपथाच्या कडेवर बसली. वाकता येत नव्हते म्हणून हात टेकून, हळूहळू बसली. “त्या बुधवारी,” ती म्हणाली, “संध्याकाळी मी रेषा बघितल्या. माझी शांत होती. तुझी घाटाच्या सुरुवातीपासूनच वर. सुरुवातीपासून, दम लागायच्या आधी. झोप कमी झाल्यावर अशी रेषा येत नाही, मी चार वर्षं रेषा बघतेय. आणि त्या सकाळी फोन आला होता. गड दिसला तेव्हा तू मान वळवली नाहीस. मग मध्ये एक दिवस तुझी रेषाच नव्हती. आणखी काय हवं होतं?”

चेहरा खोटा पाडण्याची कला माणसाने युगानुयुगे कमावली आहे. परंतु दोन धावपटूंच्या घरात चेहरा कोणी वाचतच नाही. तेथे नाडी वाचतात. अच्युतने सर्व दारे लावली होती, आणि रोज संध्याकाळी दोघे मिळून ज्या खिडकीशी बसत ती उघडी राहिली होती.

“दुसऱ्या दिवशी योजनेनं मला विश्रांती दिली,” ती म्हणाली. “का दिली, याचं तुला नवल वाटलं नाही? रात्रभर माझी रेषा काय झाली होती ते त्या यंत्रानं पाहिलं. कारण त्याला कळलं नाही, पण त्यानं माझ्यासाठी एक दिवस काढला. तू तेवढंही पाहिलं नाहीस.”

“मग तू विचारलं का नाहीस?”

“मी सुभेदारांचं नाव घेऊन सरळ विचारलं असतं, तर तू खोटं बोलला असतास?”

उत्तर त्याला ठाऊक होते. “नाही.”

“म्हणून नाही विचारलं.”

*

साताऱ्याला परतल्यावर ती परळीला जाऊन आली. एकटी गेली. सूनबाईंनी बिल्ला दिला. निकाल पाहून कादंबरींचा अभिनंदनाचा निरोप आला होता. पुढच्या हंगामासाठी प्रतिदेहात एक सुधारणा केली आहे, असे त्यात होते: श्रीमती पाटणकर यांची शोक पेलण्याची क्षमता पूर्वीच्या अंदाजाहून बरीच अधिक आढळली आहे. हेमांगीने तो वाचला आणि दंडावरची पट्टी सोलून काढली. खाली त्वचेवर पांढरे वर्तुळ उरले होते.

पुढच्या रविवारी दोघे घाटात पळायला गेले. हलकी धाव होती. पहिले वळण गेले, दुसरे गेले. कोणी बोलले नाही. अच्युतने एक वाक्य जुळवले आणि सोडून दिले. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, हे दोघांना एकाच माणसाने शिकवले होते. तेव्हा त्याने वेग कमी केला. तिनेही केला. यवतेश्वर ओलांडेपर्यंत दोघे चालू लागले होते. श्वास अगदी संथ होता. तरी शब्द येत नव्हता.

हेमांगी रस्ता ओलांडून डाव्या कडेला गेली. दरीपलीकडे गड स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या पायथ्याशी परळीची कौले. ती कठड्याशी थांबली. अच्युत थोडा मागे उभा राहिला. आता याहून वेग कमी करणे शक्य नव्हते.

“विचारायचे ते?” ती गडाकडे पाहात म्हणाली. “माझ्याविषयी?”

“रोज,” अच्युत म्हणाला. “शेवटच्या रात्रीपर्यंत. आणि मी गेलो होतो त्या दिवशी म्हणाले...”

त्याचे वाक्य मध्येच तुटले. तिने ते पुरे होण्याची वाट पाहिली.